हॉप्सची जाळी: आठ महिने आणि अकरा बॅचनंतर

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी रात्री साडेअकरा वाजता मी गॅरेजमध्ये घरची बिअर करता करता प्लेट चिलर, म्हणजे उकळता रस झटपट गार करायचं यंत्र, उलटा धरून त्यात तोंडाने फुंकत बसलो होतो. शेजारी केटलमध्ये १९ लिटर वर्ट, म्हणजे अजून न आंबलेला बिअरचा गोड रस, वाफाळत होतं, पंप नुसता कण्हत होता आणि नळीतून थेंबही पुढे सरकत नव्हता. बायको दारातून बघून गेली. बोलली काहीच नाही, तेच जास्त लागलं. शेवटी झाकण लावून अख्खी केटल बाथटबमध्ये बर्फात ठेवली. यीस्ट घालायला पहाटेचे दोन वाजले.

झालं काय होतं, तर हॉप्सच्या पेलेट. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं. वाळवलेले हॉप्स दळून, दाबून केलेल्या या हिरव्या गोळ्या उकळत्या वर्टमध्ये पडल्या की मिनिटाभरात विरघळल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा बारीक चुरा होऊन सगळीकडे फिरत असतो. प्लेट चिलरमध्ये पातळ पत्रे एकमेकांवर कायमचे जोडलेले असतात आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटांतून वर्ट जातं. तिथे हा चुरा बसला की बसला. चिलर उघडून साफ करायची सोय नाही, उलट्या बाजूने पाणी सोडत राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी मागवली. इकडे अमेरिकेत तिला हॉप स्पायडर म्हणतात. पूर्वी लोक घरीच प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घेऊन त्याला नायलॉनची पिशवी अडकवायचे आणि लांब बोल्ट केटलच्या काठावर पायांसारखे टेकवायचे, त्यावरून हा कोळी. माझी स्टेनलेस स्टीलची आहे: ६ इंच रुंद, १४ इंच खोल, ३०० मायक्रॉनची भोकं, खाली बंद, वर काठाला अडकवायचा आकडा. चहाची गाळणी ताणून नळकांडं केलं तर जे होईल ते. कंपनीचं नाव लिहीत नाही. सगळ्यांच्या जाळ्या साधारण सारख्याच दिसतात.

त्याआधी दीड वर्ष मी मलमलच्या पिशव्या वापरत होतो. पुलावात खड्या मसाल्याची पुरचुंडी सोडतो तशी पुरचुंडी. पण मसाला फुगत नाही, पेलेट चांगल्याच फुगतात. गच्च बांधलेली पिशवी शेवटी उघडली की मधोमध कोरडी भुकटी सापडायची, म्हणजे तेवढे हॉप्स फुकट. पिशवी एक तृतीयांशच भरायची, हे मला चार-पाच बॅच वाया घालवल्यावर कळलं. शिवाय ६० मिनिटांची एक, १५ ची एक, ५ ची एक अशा तीन पुरचुंड्या उकळत्या पातेल्यात गोल फिरत बसतात. जाळीत हा उपद्व्याप नाही. वेळ झाली की वरून टाकायचं.

पहिली बॅच पेल एल नावाच्या बिअरची, कॅस्केड जातीचे हॉप्स घालून. २८ ग्रॅम सुरुवातीला, २८ शेवटची दहा मिनिटं असताना, २८ गॅस बंद करताना. चिलरमधून वर्ट सरळ धारेने आलं. मी मनातल्या मनात त्याच रात्री पाच तारे देऊन टाकले होते. बरं झालं लिहिलं नाही.

कारण तिसऱ्या बॅचला आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर, केली, एकूण २०० ग्रॅम हॉप्स. गॅस बंद करून वर्ट ८० अंशांपर्यंत उतरवलं आणि पंपाची परतीची नळी जाळीच्या आत सोडली, म्हणजे वर्ट हॉप्समधून गाळून खाली येईल. कल्पना चांगली होती. दहा मिनिटांत जाळीची भोकं बुजली, आतली पातळी चढली आणि जे अडवायला जाळी घेतली ते सगळं काठावरून केटलमध्ये. आता नळी आत ठेवतो, पण पंपाचा कॉक पाव उघडा, आणि नजर हलवत नाही.

दुसरी गोष्ट कडवटपणाची. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळत्या वर्टमध्ये विरघळून त्यांचं रूप बदलतं, तेव्हा बिअरला कडूपणा येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तर पहिले हॉप्स तासभर उकळायचे. पण जाळीत डोकावून बघा: बाहेर वर्ट खळखळा उकळतंय आणि आत नुसतं डुचमळतंय. आतला रस बाहेर आणि बाहेरचं वर्ट आत, ही ये-जा मंदावते. तीच पेल एल पूर्वी सुटे हॉप्स टाकून केली होती, त्यामानाने जाळीतली मला आणि पिणाऱ्या दोघा मित्रांना मिळमिळीत लागली. हे आमच्या जिभेचं मोजमाप, प्रयोगशाळेचं नाही. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी जाळी वर-खाली करतो, ताक घुसळल्यासारखी, आणि कडूपणाचे हॉप्स दहा टक्के जास्त घालतो.

याहून उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे सुरुवातीला मॅग्नम जातीचे हॉप्स. त्यात अल्फा आम्लं १२ ते १४ टक्के, कॅस्केडच्या साधारण दुप्पट. तेवढ्याच कडूपणाला निम्मा पाला लागतो आणि जाळी सुगंधाच्या हॉप्ससाठी मोकळी राहते.

फेसाचं सांगायला हवं. पेलेट एकदम ओतल्या तर अरुंद नळकांड्यात फेस दुधासारखा वर येतो आणि उतू जातो. चमच्या-चमच्याने टाका.

जाळी फक्त हॉप्स अडवते, हेही आधी कुणी सांगितलं असतं तर बरं. उकळताना प्रथिनांचे पांढरट गोळे तयार होतात ते जाळीबाहेरच असतात, आणि ०.३ मिलिमीटरहून बारीक चुरा तर आरपार जातो. त्यामुळे केटलच्या तळाचा शेवटचा लिटरभर गाळ मी आजही चिलरमध्ये जाऊ देत नाही. तरी फायदा आहे. आयपीएमध्ये पूर्वी दोनेक लिटर वर्ट हिरव्या चिखलात अडकून जायचं, आता एक. जाळी काठाला टांगून दहा मिनिटं निथळू देतो, मग डावाने दाबतो. दाबल्याने तुरटपणा उतरतो म्हणतात. मला तरी फरक कळला नाही.

पेलेटऐवजी अख्खी हॉप्सची फुलं वापरत असाल तर जाळी घेऊच नका. सप्टेंबरात काढणीच्या वेळी आम्ही सिएटलहून याकिमा खोऱ्यात गेलो होतो. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स तिथले. तिथून आणलेली सुकी फुलं फ्रीझरमध्ये होती. ६० ग्रॅममध्येच जाळी कोंबून भरली आणि वरची फुलं नीट भिजलीसुद्धा नाहीत. फुलं सुटीच टाकावीत, नळाच्या तोंडाशी एक छोटी जाळी असली की त्यांचाच थर गाळणीचं काम करतो.

धुणं त्याच रात्री. एकदा आळस केला, सकाळी हॉप्स वाळलेल्या मेंदीसारखे भोकांत घट्ट बसले होते. कडकडीत पाणी, कपड्यांची ऑक्सिजनवाली पावडर, तासभर भिजवणं आणि मग बाहेरून आत पाण्याचा फवारा. आतून बाहेर मारलात तर आणखी रुततं. तळाच्या जोडात थोडी हिरवी रेघ राहतेच, तिथे जुना टूथब्रश. आणि तो चोथा बागेत टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, खाल्ले तर ताप जिवावर बेतेल इतका चढतो. शेजारचा लॅब्राडोर आमच्या कुंपणातून बिनधास्त येतो, म्हणून मी चोथा पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाकतो.

तक्रार एकच: आकड्याचा स्क्रू सातव्या बॅचला सैल झाला, नटखाली वॉशर टाकून निभावलं.

भारतातून दोघांनी जाळी कुठे मिळते त्याचा पत्ता विचारला. बाबांनो, इथे १९७८ च्या कायद्याने घरी प्यायला बिअर करता येते, माणशी १०० गॅलन, घरटी जास्तीत जास्त २०० गॅलन वर्षाला. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय चालत नाही. तिथे पाठवून काय करू?

पुन्हा घेईन का? प्लेट चिलर आहे तोवर हो, पण ३८ लिटरच्या केटलला ८ इंच रुंदीची. पिल्सनर बिअरला साझ जातीचे हॉप्स जेमतेम ७० ग्रॅम लागतात, तेव्हा जाळी कपाटातच राहते, दोन सैल पिशव्या पुरतात. ज्यांच्याकडे केटलमध्ये बुडवायचा तांब्याच्या वेटोळ्याचा चिलर आहे त्यांना तुंबण्याची भीतीच नाही, त्यांनी आधी वेटोळ्याच्या आतलं माप घ्यावं. माझा एक मित्र हौसेने माझी जाळी मागून घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आला. वेटोळ्याच्या आतली जागा साडेपाच इंच होती.