सोलापुरात राहून वापरलेली व्हाईटवॉटर कॅनू: दिवाळी ते पावसाळा

साडेनऊ फुटी, पॉलीइथिलीनची, एकट्याने गुडघ्यांवर बसून वल्हवायची, व्हाईटवॉटरसाठी म्हणजे खळाळत्या पाण्यासाठी बनवलेली उघडी कॅनू. दिवाळीनंतर घेतली आणि पावसाळा लागेपर्यंत हिप्परगा तलाव, उजनीचं बॅकवॉटर आणि कोलाडची कुंडलिका अशा तिन्ही पाण्यांवर वापरली. डोंगरी नदीवरच्या शर्यतीची तयारी एवढाच हेतू होता, त्यामुळे हा अनुभव त्याच अंगाने वाचा. सहकुटुंब फेरफटक्यासाठी ही घेऊ नका. संथ पाण्यावर ही सरळ जातच नाही, दर वल्ह्याला नाक फिरवते. खडकांमधून झटकन वळण्यासाठीच तिचा तळ दोन्ही टोकांना वर उचललेला असतो.

आधी मुद्द्याचं सांगतो. प्लास्टिकच्या कवचाबद्दल तक्रार नाही. कुंडलिकेच्या काळ्या खडकांवर चांगलं घासूनही ओरखड्यांपलीकडे काही झालं नाही. पण रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या उतारावर, माणसाचा होडीवर ताबा राहतो तो आतल्या फिटिंगमुळे, आणि सोलापूरचं ऊन नेमकं तेच आधी खातं.

आपण ज्यावर टेकतो ते सॅडल कंपनीकडून तळापासून 22 सेंटिमीटर उंच आलं होतं. पायांना बरं वाटतं, पण तोल वर जातो आणि खडकामागच्या एडीत (उलट्या फिरणाऱ्या संथ पाण्यात) शिरताना होडी कलली की सावरायला वेळ मिळत नाही. दोन सेंटिमीटर फोम कापल्यावर फरक लगेच कळला. त्याहून खाली गेलात तर घोटे आणि पावलं वीस मिनिटांत बधिर होतात आणि मग पाय सोडवून बाहेर पडणंच अवघड जातं. एकदम कापू नका, अर्धा-अर्धा सेंटिमीटर काढत पाण्यावर बसून बघा. मांड्यांवरचे पट्टे गुडघ्यापाशी असतील तर फक्त जखडल्यासारखं वाटतं. ते कमरेकडे सरकवले की कंबर हलवली तशी होडी हलते. पट्टे आवळल्यावर दर वेळी छातीइतक्या पाण्यात, सोबत माणूस उभा करून, होडी मुद्दाम उलटवा आणि बाहेर या. बकल हाताने चाचपडत शोधावं लागत असेल तर त्या पट्ट्यांसह नदीवर जाऊ नका.

आता गमचं. पॉलीइथिलीनवर कुठलाच गम सहजी धरत नाही. गुडघ्यांखालचे फोमचे पॅड एप्रिलमध्ये कोपऱ्यातून उचलायला लागले, खाली पाणी आणि बारीक वाळू शिरली आणि गुडघा घसरू लागला. नुसता गम पुन्हा लावून भागत नाही. जुना गम खरवडा, पृष्ठभाग घासून स्पिरिटने पुसा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीचं टोक त्यावरून झरझर फिरवा, एका जागी थांबवू नका. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. गोळा होऊन न बसता तो पसरला तर जागा तयार झाली. होडी पूर्ण गार आणि कोरडी झाल्यावरच गमचा डबा उघडा. मग कॉन्टॅक्ट गम दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटायचा बंद झाला की दाबायचं. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात, पण आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो चार-पाच मिनिटांतच वरून सुकतो आणि जोड कच्चा राहतो. हे काम पहाटे, सावलीत करा. फोम शोधायला लांब जावं लागत नाही, चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे जाड ईव्हीए शीट मिळते. सॅडल मात्र गमच्या भरवशावर ठेवू नका, स्टेनलेस बोल्टांनी बांधून घ्या.

पुढच्या-मागच्या हवेच्या पिशव्यांची गोष्टही अशीच. 25 अंशांची हवा 45 अंशांवर गेली की सुमारे 7 टक्के फुगते, आणि उन्हात उभ्या होडीच्या पोटात तापमान त्याहून वर जातं. गच्च भरलेली पिशवी गाडीच्या टपावर राहिली की शिवण व्हॉल्व्हजवळ सुटते. म्हणून वाहतुकीत पिशव्या निम्म्या रिकाम्या ठेवा. उलट, इथे गरम हवेने भरलेली पिशवी कोलाडच्या गार पाण्यात ढिली पडते. ती जाळीच्या दोरीखालून सरकते, आणि जिथे हवा हवी तिथे पाणी बसतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेवढं वजन घेऊन कोणतीही होडी वळत नाही. होडी पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबा, पिशव्या गार होऊ द्या आणि मग तोंडाने पुन्हा फुगवा. शर्यतीच्या दिवशीही याला फाटा देऊ नका.

पाणी उपसायला 12 व्होल्टचा बिल्ज पंप आणि यूपीएसमध्ये असते ती 7 अँपिअर-तासाची बॅटरी लावली. कल्पना चांगली, पण पंप तळाच्या सर्वांत खोल जागी बसवा असं सुचवतात ते चुकीचं आहे. तिथे काळ्या मातीचा गाळ बसतो आणि पंपाचा पंखा जाम होतो. उजनीत जलपर्णीची मुळंही जाळीत अडकतात. पंप बोटभर उंच पट्टीवर बसवला की हा त्रास बराच कमी होतो. थोडं पाणी तळाला राहतं, ते स्पंजने पुसा. वायरच्या जोडांना ग्रीस लावा.

वल्ह्याची लांबी दुकानात उभं राहून ठरवू नका. होडीत गुडघ्यांवर बसा, पातं पुरतं पाण्यात बुडवा. वरची टी-मूठ हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये आली पाहिजे. फायबरग्लासच्या पात्याचं टोक बेसाल्टवर झिजतं, मग तिथून थर सुटतात. वेळीच इपॉक्सीची कड भरा. दुसरं वल्हं हाताच्या टप्प्यात, एका ओढीत सुटेल असं बांधलेलं हवं.

सरावासाठी हिप्परगा पुरतो. दोरीने दगड बांधलेले रिकामे कॅन 1.2 मीटर अंतरावर जोडीने सोडा. स्लॅलमच्या, म्हणजे टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून वळत जायच्या शर्यतीच्या, गेटची किमान रुंदी तेवढीच असते. स्पर्शाला 2 सेकंद, गेट चुकलं तर 50 सेकंद दंड, हाच हिशेब सरावातही धरा. त्यावरून कळतं की घाईने वल्हवण्यापेक्षा स्वच्छ वळण किती मोलाचं आहे. संथ पाण्यावर क्रॉस-स्ट्रोक (हात न बदलता वल्हं दुसऱ्या बाजूला नेऊन मारायचा) आणि जे-स्ट्रोक (शेवटी पातं बाहेर वळवून होडी सरळ ठेवणारा) पक्के होतात. एडीच्या रेषेवर कलण्याचा अंदाज मात्र वाहत्या पाण्याशिवाय येणार नाही.

उजनीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली खोडं, जुन्या भिंती वर येतात, आणि मासेमारीची नायलॉन जाळी दिसतसुद्धा नाहीत. चाकू अंगावर ठेवा. मे महिन्यात वळवाच्या ढगांनी आभाळ भरलं तर पाण्यात उतरूच नका. 2024 च्या मेमध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून 6 जण बुडाले, हे सोलापूर जिल्हा विसरलेला नाही.

कुंडलिकेवर वीजनिर्मितीनंतर सकाळी सुटणारं पाणी मिळतं. नंतर ते उतरत जातं, तीच वाट दगडाळ होते. आदल्या रात्री पुणे-ताम्हिणी मार्गे कोलाडला पोहोचा, पाण्याची वेळ तिथल्या राफ्टिंगवाल्यांकडे विचारा. टपावर होडी पालथी ठेवा आणि कॅम बकलचे, म्हणजे हाताने ओढून आवळायचे, पट्टे वापरा. दांडी मारून ताणणाऱ्या रॅचेटने आवळलं की तापून मऊ झालेलं प्लास्टिक दबतं. दांड्यांवर घडी घातलेली सोलापुरी चादर हे त्यावरचं सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ अस्तर. पोचा आलाच तर उन्हात ठेवून वर गरम पाणी ओता, बहुतेक वेळा तो आतून ढकलला की निघतो.

अंगावरच्या सामानात काटकसर नको. हेल्मेट ईएन 1385 या युरोपीय मानकाचं, जॅकेट किमान 50 न्यूटनचं आणि खांदे मोकळे ठेवणारं घ्या. प्रवासी बोटीतलं जाड नारिंगी जॅकेट कोपर अडवतं. फेकायची तरंगती दोरी 15 ते 20 मीटर असावी. ती पॉलीप्रॉपिलीनची असते, सोलापूरच्या उन्हात उघडी राहिली तर तिचे धागे भुगा होऊन हाताला लागतात. ती पिशवीतच ठेवा.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच तपासा. ही होडी 2.90 मीटरची आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत स्लॅलमची सी-वन, म्हणजे एकट्याची कॅनू, किमान 3.50 मीटर लागते, म्हणजे त्या गटात ही चालणार नाही. केरळात तुषारगिरीजवळ पावसाळ्यात होणाऱ्या मलबार रिव्हर फेस्टिव्हलमध्ये भर कयाकवर असतो. तेव्हा कुठल्याही शर्यतीचं शुल्क भरण्याआधी उघड्या कॅनूचा गट आहे का, हे आयोजकांकडून लेखी घ्या.

पाचपैकी कवचाला साडेचार, फिटिंगला अडीच. सॅडल, पॅड आणि पंप स्वतः पुन्हा बसवायची तयारी असेल तर जरूर घ्या. तशीच्या तशी नदीवर न्यायची असेल तर ही होडी सुचवणार नाही.