कॅरोल आधी की मॅथ्यूज? ब्रिटिश बोलपटांच्या पहिल्या बहरातल्या दोन नायिका

जुने ब्रिटिश बोलपट बघायला घ्यायचे ठरवलं की दोन नावं हटकून समोर येतात: मॅडलिन कॅरोल आणि जेसी मॅथ्यूज. वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर; कॅरोल १९०६ ची, मॅथ्यूज १९०७ ची. दोघींचा ब्रिटनमधला बहर एकाच कंपनीत, लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या गोमाँ-ब्रिटिशमध्ये, साधारण १९३३ ते १९३६ या काळात. इतकं सारखं असूनही एकीचे चित्रपट आवडले म्हणून दुसरीचे आवडतीलच याची खात्री नाही. हाताशी मोजक्या संध्याकाळी असतील तर कुणापासून सुरुवात करायची हे आधी ठरवलेलं बरं, आणि त्याचं उत्तर ‘दोघीही छानच’ असं गुळमुळीत देऊन भागणार नाही.

माझं मत सरळ सांगतो. पहिला चित्रपट कॅरोलचा बघा. पण एका नटीची कारकीर्द मागोवा घेत बघायची असेल, तर मॅथ्यूजची बघा.

आधी एक सावधगिरी. दोघींपैकी कुणालाही घ्या, सालवारीने बघायला बसू नका. १९२९-३० चे ब्रिटिश बोलपट आजच्या प्रेक्षकाचा जीव काढतात. मायक्रोफोन जिथे लपवला असेल तिथून नटांना हलता येत नसे, कॅमेऱ्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून तोही बंदिस्त करून ठेवलेला. कॅरोलचा ‘अटलांटिक’ (१९२९) हा लंडनजवळच्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत झालेला चित्रपट बघा म्हणजे कल्पना येईल. विषय टायटॅनिकचा, फक्त नाव बदललेलं, दिग्दर्शक ई. ए. ड्युपाँ जर्मन, आणि वेगळे नट घेऊन जर्मन आवृत्तीही काढलेली. जहाज बुडतंय, आणि माणसं मात्र एकेक शब्द तोलून, मध्ये मोठमोठे थांबे घेत बोलताहेत. अभ्यासाला उत्तम, करमणुकीला नाही. त्यात कॅरोल आहे, पण त्यावरून तिची पारख करणं अन्यायाचं होईल.

त्या वर्षांत आवाजाने नट्यांची दैना कशी केली याचं ठळक उदाहरण त्याच १९२९ सालचं. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ची नायिका ॲनी ओंड्रा मूकपटात लोकप्रिय, पण तिचे उच्चार पडले झेक. मागाहून आवाज भरायची सोय नव्हती. मग जोन बॅरी नावाची इंग्रज नटी चौकटीबाहेर उभी राहून संवाद बोलली आणि ओंड्राने समोर नुसते ओठ हलवले. बोलपटांना आता दोन प्रकारच्या बायका हव्या होत्या: स्वच्छ बोलणाऱ्या आणि गाणाऱ्या. कॅरोल पहिल्या प्रकारातली, मॅथ्यूज दुसऱ्या.

कॅरोल वेस्ट ब्रॉमिचची. वडील आयरिश, आई फ्रेंच. बर्मिंगहॅम विद्यापीठातून फ्रेंच विषयात पदवी घेऊन तिने काही काळ मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवलं, मग नाटकात आणि १९२८ मध्ये चित्रपटात. दिसणं असं की कॅमेऱ्याला फारसं काही करावं लागू नये. उच्चार नितळ. आणि नेमकी तीच तिची अडचण. सुरुवातीच्या बऱ्याच चित्रपटांत ती सुंदर उभी राहते, शुद्ध बोलते आणि लक्षात राहत नाही. शोभेची खानदानी बाई हवी असली की कॅरोलला बोलवा, असा प्रकार.

त्यातून तिला बाहेर काढलं दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिलने, १९३३ च्या ‘आय वॉज अ स्पाय’मध्ये. मार्था क्नॉकार्ट ही बेल्जियन परिचारिका पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या इस्पितळात काम करता करता इंग्रजांसाठी हेरगिरी करत होती, तिच्या आठवणींवरून हा चित्रपट केला. समोर कॉनराड फाइट आणि हर्बर्ट मार्शल, म्हणजे दोन बाजूंना दोन कसलेले नट. इथे कॅरोलच्या थंडपणाला पहिल्यांदा काहीतरी काम मिळतं: दिवसभर ज्यांच्या जखमा बांधायच्या त्यांच्याच घाताची खबर रात्री पोचवायची, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चित्रपट आज थोडा जड वाटतो, पण तिच्याकडे नट म्हणून बघायचं तर हा चुकवू नये.

आणि मग १९३५ चा हिचकॉकचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’. जॉन बकनच्या मूळ कादंबरीत ही नायिकाच नाही. ती चित्रपटासाठी घडवली. नायक हॅने, म्हणजे रॉबर्ट डोनाट, खुनाच्या आळातून पळतोय. आगगाडीत पोलिसांना चुकवायला तो एका अनोळखी बाईच्या डब्यात घुसून तिचं चुंबन घेतो, आणि बाई कसलीही गय न करता त्याला पोलिसांच्या हवाली करायला निघते. ती कॅरोल. नंतर बऱ्याच वेळाने ती परत येते, आणि दोघांचे हात एकाच बेडीत अडकतात. स्कॉटलंडमधल्या एका खानावळीत, नवराबायको असल्याचं भासवत, ती शेकोटीपाशी ओले पायमोजे काढायला लागते. हात त्याच्या हाताला जोडलेला, त्यामुळे तो हातही तिच्या पायावरून लोंबकळत येतो. दुसऱ्या हातातल्या सँडविचची अडचण होते, तर ती ते सरळ त्याच्या हातात कोंबते. प्रसंग काही सेकंदांचा. चावटपणा आहे, पण हसू येतं ते तिच्या तोंडावरच्या त्रासिक भावाने. एखादी मास्तरीण वर्गातल्या वाह्यात पोराला सहन करते तशी ती सहन करत असते. पुढे रात्री ती बेडीतून हात सोडवते, खाली उतरायच्या बेतात असताना हेरांचं बोलणं कानावर पडतं आणि हा माणूस निर्दोष असल्याचं कळतं. ती पळून जात नाही. वर येते, झोपलेल्या त्याच्याकडे बघते, आणि सबंध चित्रपटात पहिल्यांदा मनापासून हसते. त्या एका हसण्यासाठी आधीचा सगळा ताठा होता, हे तेव्हा लक्षात येतं.

हिचकॉकने चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी दोघांना बेडी घालून किल्ली हरवल्याचा बहाणा केला, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती कितपत सजवलेली आहे ते सोडून द्या. पडद्यावर जे दिसतं ते त्या गोष्टीला शोभणारं आहे. पुढे ग्रेस केली, किम नोव्हाक, टिपी हेड्रन अशी जी सोनेरी केसांच्या थंड नायिकांची रांग हिचकॉककडे लागली, तिची सुरुवात इथे धरतात.

आता मॅथ्यूजकडे. जन्म लंडनच्या सोहोतला, घर मोठ्या खटल्याचं, वडील बर्विक स्ट्रीटच्या बाजारात भाजी-फळं विकणारे. लहानपणापासून नाच. निर्माता कॉक्रनच्या रंगीबेरंगी रिव्ह्यूंमधून, म्हणजे नाचगाणी आणि प्रहसनांच्या खेळांमधून, ती लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातली तारका झाली, तेव्हा विशीतच होती. मग १९३० मध्ये सहनट सॉनी हेलच्या घटस्फोटाच्या खटल्यात तिचं नाव आलं. हेलची बायको इव्हलिन ले ही स्वतः लोकांची लाडकी तारका. न्यायमूर्तींनी भर कोर्टात मॅथ्यूजबद्दल फार कठोर शब्द काढले आणि वर्तमानपत्रांनी ते घरोघरी पोचवले. पुढच्याच वर्षी हेलशी तिचं लग्न झालं. त्या वर्षीचा तिचा पहिला बोलपट ‘आउट ऑफ द ब्लू’ सपशेल पडला. म्हणजे कॅरोलला आयती प्रतिष्ठा होती; मॅथ्यूजला ती पडद्यावर कमवावी लागली.

इथेही उपयोगी पडला तो सॅव्हिलच. ‘द गुड कम्पॅनियन्स’, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, ‘एव्हरग्रीन’, ‘फर्स्ट अ गर्ल’, ‘इट्स लव्ह अगेन’: १९३३ ते १९३६ मधले हे पाच चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे. कुणी मला विचारलं की मॅथ्यूजची कारकीर्द म्हणजे नेमकं काय, तर मी हे पाच दाखवीन आणि बाकीचं झाकून ठेवीन.

पाचांतला मुकुटमणी ‘एव्हरग्रीन’ (१९३४). रंगभूमीवर तिनेच गाजवलेल्या खेळावरून तो केला. कथा वेडगळ आहे. १९०९ मध्ये रंगमंच सोडून गेलेली एक गायिका. तिची मुलगी बऱ्याच वर्षांनी आईसारखी हुबेहूब दिसते म्हणून प्रसिद्धीबहाद्दर मंडळी तिलाच ‘आई परत आली, आणि बघा कशी तरुण दिसते’ म्हणून उभी करतात. आई आणि मुलगी दोन्ही मॅथ्यूजच. घोटाळा असा की ज्याच्यावर तिचं प्रेम बसतं तो जगाच्या दृष्टीने तिचा मुलगा. यावर फार डोकं चालवू नका. रात्री ती एकटीच, पायघोळ झगा सावरत, घरभर नाचत फिरते तो ‘डान्सिंग ऑन द सीलिंग’चा प्रसंग बघा. नाच बडी ब्रॅडली या अमेरिकन कृष्णवर्णी नृत्यदिग्दर्शकाने बसवलेले. पाय किती सहज उंच जातो हे तर दिसतंच. पण खरी गंमत अशी की ती चालायची थांबते कधी आणि नाचायला लागते कधी, याची सीमारेषा सापडत नाही. शेवटाकडे भर रंगमंचावर ती म्हातारपणाचा विग आणि जुना पेहराव उतरवून टाकते, ‘ओव्हर माय शोल्डर’ गात. एवढी धिटाई कॅरोलच्या वाट्याला कुणी कधी आणली नाही.

‘फर्स्ट अ गर्ल’ (१९३५) मध्ये तर ती अशी मुलगी आहे की जी पुरुष असल्याचं सोंग घेते, आणि तो पुरुष रंगमंचावर बाईचं काम करतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका जर्मन चित्रपटाची ही इंग्रजी आवृत्ती. बालगंधर्वांच्या मुलखातल्या प्रेक्षकाला हे पचायला जड जायचं कारण नाही.

मॅथ्यूजच्या बाबतीत दोन खटकणाऱ्या गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, तिचं बोलणं. सोहोतल्या मुलीने शिकवणी लावून कमावलेले ते उच्चार इतके नाजूक आणि घासूनपुसून केलेले आहेत की आज ते कृत्रिम वाटतात. पहिली दहा मिनिटं कान कुरकुरतात. कॅरोलचं बोलणं त्या मानाने आजही समजायला सोपं. दुसरं, चित्रपटातला नाचगाण्याबाहेरचा भाग अनेकदा पातळ असतो. संगीत नाटकात पदासाठी प्रवेश सोसायची ज्यांना सवय आहे त्यांचं भागेल. ज्यांना गोष्ट घट्ट हवी त्यांचा धीर सुटेल.

तुलनेला सगळ्यात मजेची जागा वेगळीच आहे. हिचकॉकने मॅथ्यूजबरोबरही काम केलं होतं, १९३४ मध्ये, ‘वॉल्ट्झेस फ्रॉम व्हिएन्ना’ नावाच्या स्ट्राउस या संगीतकार पितापुत्रांवरच्या चित्रपटात. दोघांचं अजिबात जमलं नाही, आणि हिचकॉक पुढे हा आपल्या कारकिर्दीतला तळ मानत असे. म्हणजे सॅव्हिल आणि हिचकॉक, दोघांच्या हाताखालून दोघी गेल्या. सॅव्हिलकडे दोघी फुलल्या. हिचकॉककडे कॅरोल उजळली आणि मॅथ्यूज कोमेजली, कारण त्याला नटी चौकटीत नेमकी बसवायची होती आणि हिला मोकळी जागा लागत असे. कॅरोलला कुणीतरी अडचणीत टाकावं लागतं. मॅथ्यूजच्या वाटेतून बाजूला व्हावं लागतं. तुम्हाला यातलं काय बघायला आवडतं, त्यावर निम्मा निर्णय होतो.

उरलेला निम्मा निर्णय पुढच्या वर्षांवर. कॅरोल हॉलिवुडला गेली. ‘द जनरल डाइड ॲट डॉन’मध्ये गॅरी कूपर, ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’त (१९३७) रोनाल्ड कोलमन, पुढे ‘माय फेव्हरिट ब्लाँड’मध्ये (१९४२) बॉब होप. चकचकीत, बघणेबल चित्रपट. ‘झेंडा’ तर अजून टवटवीत आहे. पण बेडीतल्या त्या बाईचा मिश्कीलपणा तिथे फार क्वचित दिसतो, पुन्हा ती उंची, सुंदर राजकन्याच होते. १९४० मध्ये लंडनवरच्या बाँबफेकीत तिची बहीण मारली गेली, त्यानंतर तिने पडद्यापेक्षा युद्धातल्या जखमींची सेवा मोठी मानली. इटलीत रेडक्रॉसच्या इस्पितळात तिने काम केलं. शेवटचा चित्रपट १९४९ चा.

मॅथ्यूज ब्रिटनमध्येच राहिली. सॅव्हिलशी साथ सुटल्यावर नवरा सॉनी हेल दिग्दर्शनाला बसला, आणि ‘हेड ओव्हर हील्स’, ‘गँगवे’, ‘सेलिंग अलाँग’ या तिन्हींत उतार स्पष्ट दिसतो. त्यात मानसिक आजाराने तिला वेळोवेळी अंथरुणाला खिळवलं. १९६० च्या दशकात बीबीसी रेडिओवरच्या मालिकेतली मिसेस डेल म्हणून तिचा आवाज घराघरांत परत आला, ते वेगळं. चित्रपटांपुरतं बोलायचं तर १९३६ नंतरचं सगळं ओलांडून गेलात तरी चालेल.

त्याच काळातल्या विनोदी गायिका-नटी ग्रेसी फील्ड्सचं काय, असं कुणी विचारेल. तिकीटबारीवर ती या दोघींपेक्षा मोठी होती. पण तिची लँकशरची बोली आणि गिरणीकामगारांचे विनोद समजायला वेगळी तयारी लागते. ‘सिंग ॲज वी गो’ (१९३४) नंतरच्या यादीत टाका.

प्रतींबद्दल एवढंच. ‘थर्टी-नाइन स्टेप्स’च्या धुरकट, खरखरणाऱ्या प्रती नेटवर ढिगाने सापडतात. स्वच्छ केलेली प्रतच शोधा, आणि इंग्रजी सबटायटल लावा. स्कॉटिश पात्रांचं बोलणं नुसतं ऐकून कळणार नाही. ‘एव्हरग्रीन’ला चांगला आवाज असलेली प्रत मिळेपर्यंत थांबलात तरी चालेल, गाणी फुटत असतील तर त्यात उरतं काय?

तर पहिल्या संध्याकाळी ‘थर्टी-नाइन स्टेप्स’, दुसऱ्या संध्याकाळी ‘एव्हरग्रीन’. तरीही मन ठरत नसेल तर १९३६ ची जोडी लावा. कॅरोलचा ‘सीक्रेट एजंट’ आणि मॅथ्यूजचा ‘इट्स लव्ह अगेन’, दोन्हींत अमेरिकेहून आलेला रॉबर्ट यंग आहे. पहिल्यात तो कॅरोलभोवती गोंडा घोळणारा हसतमुख माणूस, आणि ती त्याला शब्दांनी झुलवत ठेवते. दुसऱ्यात तो वर्तमानपत्रात चुटके लिहिणारा, ज्याने वाघांची शिकार करणारी एक बाई नुसती कल्पनेने रचलीय, आणि मॅथ्यूज तीच बाई बनून त्याच्यासमोर येऊन उभी राहते. समोर तोच माणूस असताना दोघी त्याला कसं खेळवतात ते बघा, आणि त्यातली जी जास्त आवडेल तिचेच पुढचे चित्रपट शोधा.