लोअर केलेला सी-१०: अलाइनमेंट मशीनवर करावी की घरी दोरी लावून?

१९७३ ते १९८७ या काळातला शेव्हरोलेचा चौकोनी सी-१० पिकअप ट्रक खाली बसवला आणि तो सरळ जाईना, की दोन वाटा उरतात. कॅमेऱ्याचं मशीन असलेल्या दुकानात न्यायचा आणि छापील कागद घेऊन यायचं. किंवा गॅरेजमध्ये दोरी, टेप आणि अँगल गेज घेऊन स्वतः दोष शोधायचा. मी दोन्ही करून पाहिलंय, आणि ह्यूस्टनच्या काँक्रीटच्या रस्त्यांवर माझा ट्रक आजही चालतोय. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे तीन कोन नीट लावणं: कॅम्बर म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, आणि टो म्हणजे चाकांची तोंडं पुढून आत की बाहेर ते.

दोन्हींच्या आधी एक तपासणी मात्र कराच. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग बोटभर डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. आयडलर आर्म (रिले रॉडचं दुसरं टोक धरणारा आर्म) झिजलेला असेल तर रिले रॉड, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा आडवा दांडा, आडवा सरकण्याऐवजी आधी किंचित वर-खाली होतो. हे डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला कळतं. स्टेअरिंगचा दांडा आणि स्टेअरिंग बॉक्स जोडणाऱ्या रॅग जॉइंटचं रबर गेलं असेल तर वरचा दांडा फिरतो आणि बॉक्सकडचा जागेवरच राहतो. असं काही सापडलं तर अलाइनमेंटचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. ट्रक एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढही दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.

आता दुकान. कॅस्टरच्या बाबतीत त्याला तोड नाही. घरीही तो काढता येतो: चाक २० अंश आत आणि २० अंश बाहेर वळवून कॅम्बरमधला फरक घ्यायचा आणि दीडने गुणायचा. पण टर्न प्लेट (चाकाखालची फिरती, अंश दाखवणारी ताटली) नसेल तर आकडा दर वेळी थोडा हलतो. आणि लोअर केलेल्या ट्रकला कॅस्टर फार जपावा लागतो. शॉर्ट बेडचा व्हीलबेस ११७.५ इंच. नाक शेपटीपेक्षा २ इंच जास्त उतरवलं तर जवळजवळ १ अंश कॅस्टर तिथेच जातो, आणि मग हायवेवर ट्रक भरकटतो. मागचा भाग उतरवण्यासाठी ॲक्सल स्प्रिंगच्या वर नेणारं फ्लिप किट बसवताना ॲक्सल जरा तिरका बसला असेल, तर तेही मशीनला लगेच कळतं. घरी त्यासाठी फ्रेमपासून कर्ण मोजत बसावं लागतं.

रॅम्पवर चढताना पुढचा ओठ घासतो, त्यासाठी फळ्या घालाव्या लागतात, ते चालतं. वरच्या आर्मच्या शिम (कॅम्बर-कॅस्टर लावायच्या पातळ चकत्या) काढायचा कंटाळा करून नुसता टो लावून देतात; तेही सांगून करून घेता येतं. मला छळलं ते त्या कागदाने. सगळे चौकोन हिरवे, म्हणजे सगळं मापात, आणि फ्रीवेच्या प्रत्येक काँक्रीट सांध्यावर ट्रकचं नाक झटका देऊन बाजूला जायचं. परत नेला, पुन्हा हिरवे. मशीन खोटं बोलत नव्हतं. ते उभा ट्रक एकाच उंचीवर मोजतं, आणि माझा दोष चाक वर-खाली होतानाच उगवत होता. नुसत्या ड्रॉप स्प्रिंगने, म्हणजे आखूड स्प्रिंगने, ट्रक उतरवला की टाय रॉडचं (चाकाला वळवणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं, मग प्रत्येक दचक्याला टो बदलतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात, आणि तो उभ्या ट्रकवर दिसत नाही.

घरी तो दिसतो. फ्रेम स्टँडवर टेकवायची, स्प्रिंग काढायची, खालच्या आर्मखाली जॅक लावायचा, स्टेअरिंग बांधून टाकायचं. चाकाच्या जागी हबवर एक सरळ फळी बोल्टने आवळायची आणि जॅक अर्धा-अर्धा इंच उचलत फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर वहीत मांडायचं. माझ्या ट्रकची फळी प्रत्येक पायरीला एकाच दिशेने वळत गेली. ड्रॉप स्प्रिंग काढून ड्रॉप स्पिंडल, म्हणजे चाकाचा खुंट वर सरकवलेले स्पिंडल, घातले, आर्म आणि टाय रॉडचे कोन मूळच्या जागी आले, आणि सांध्यांवरचे झटके गेले. स्पिंडल घेताना स्टेअरिंग आर्मची जागा मूळचीच आहे ना, एवढं पाहून घ्या.

घरच्या पद्धतीला कष्ट आहेत. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती असते, म्हणून चाकांखाली व्हिनाइल टाइल घालून पातळी साधावी लागते. जॅकवरून उतरवलेला ट्रक चाकं आवळून उंचच बसतो. टायरखाली प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्या घातल्या की चाकं बाहेर सरकतात आणि ट्रक खरा बसतो. तेवढं केलं की कॅम्बरला ओळंबासुद्धा पुरतो. १५ इंची रिमवर १ अंश म्हणजे साधारण पाव इंच. टो मी एक अष्टमांश इंच आत ठेवतो.

तुमचा ट्रक स्पिंडलवर उतरवलेला असेल आणि तक्रार फक्त टायर आतून खाल्ला जाण्याची असेल, तर दुकान बहुधा पुरेल. स्प्रिंगवर उतरवलेला असून झटके देत असेल, तर माझ्या मते आधी घरी मोजा आणि शेवटी कॅस्टरपुरतं दुकानात जा. जाताना टाकी नेहमीइतकी भरलेली ठेवा, सीटवर तुमच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवायला सांगा आणि चारही फेंडरची जमिनीपासूनची उंची त्या कागदावर लिहून घ्या. पुढे स्प्रिंग खचली की तुलनेला तेच आकडे लागतात.