सोलाईसाठी स्टीलच्या कड्यांचा हातमोजा: आठ महिने वापरून झाल्यावर

देवनारला आम्ही चौघं बकऱ्यांच्या सोलाईचं काम करतो. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताने कातडं ताणलेलं, म्हणून लागतं ते डाव्या हातालाच. गेल्या जूनमध्ये माझ्या अंगठ्याला पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आठवडाभराची मजुरी बुडाली. मग नागदेवी स्ट्रीटवरून हा मोजा आणला. साडेतीन हजार. काका म्हणाले, "एवढ्यात सहा सुऱ्या आल्या असत्या."

कापण्यापासून वाचवतो का? वाचवतो. गटारीच्या गर्दीत दोनदा सुरी थेट बोटावर आली आणि कड्यांवरून घसरून गेली. चिमटा बसल्यासारखं झालं, बाकी काही नाही. पण बोथट सुरीवर याचा इलाज नाही. धार गेली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की सुरी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

खरी अडचण वेगळीच. मांडीकडून कातडं सुटलं की पाठीला, बरगड्यांना सुरी लावायचीच नाही, मूठ घालून सोडवायचं. हात वाचतो, कातड्याला भोकही पडत नाही. भोक पडलेल्या मालाला धारावीत कोण भाव देणार? मूठ घालताना दमलं की हात बदलावा लागतो, आणि मोज्याच्या कड्या वरच्या पातळ पडद्यात अडकतात. म्हणजे मोजा काढा, परत पायांशी आलात की घाला. रात्री तीन वाजता परत घालायचा कंटाळा येतो. माझी नंतरची एकमेव जखम अशाच कंटाळ्याची.

आतून रबरी मोजा हवाच, कड्यांतून रक्त सरळ आत येतं. तोंडाला खपल्या धरलेला बकरा असेल तर तेच फोड आपल्या बोटांवर उठतात. (आपोआप मेलेलं जनावर तर सोलायलाच घेऊ नये, काळपुळीची भीती असते. तिथे मोजा काय करणार!) हाडं कापायच्या मशीनवर मात्र हा मोजा अजिबात नको, पातं कड्यांना धरून हातच आत ओढतं.

धुणं हे वेगळं काम आहे. आधी गार पाणी, नाहीतर रक्त चिकटून बसतं. मग साबणाचं गरम पाणी आणि ब्रश. मी सुरुवातीला ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवायचो, त्याने स्टीलला बारीक डाग पडले. मनगटाचा कापडी पट्टा पावसाळ्यात असा कुबट झाला की पोराने मोजा घरात घेऊ दिला नाही. प्लास्टिकच्या पट्ट्याचा मिळाला तर तो बघा. सहाव्या महिन्यात अंगठ्याच्या बुडाची एक कडी तुटली. दुकानदाराने हात वर केले, दुरुस्ती माझ्या खिशातून.

मापाचं आधी कळायला हवं होतं. पट्ट्याचा रंग म्हणजे माप: पांढरा लहान, लाल मधला, निळा मोठा. मी अंदाजाने निळा घेतला. बोटांची टोकं लोंबतात, सुरीचं टोक त्यात अडकतं, वरून रबराचा पट्टा बांधावा लागतो. पुढचा लाल घेणार. निळा काकांना देऊन बघतो, त्यांचा पंजा मोठा आहे. घालतील असं वाटत नाही.