कायद्याच्या हाती न लागलेले दहा जण

अगाथा ख्रिस्ती यांची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कादंबरी १९३९ साली इंग्लंडमध्ये निघाली, तेव्हा तिच्या नावात एक वर्णद्वेषी शब्द होता. आज दुकानात मिळणाऱ्या प्रतीत तो शब्द नाही आणि बेटाचे नाव ‘सोल्जर आयलंड’ असे आहे. खुनी कोण हे पक्के ठाऊक असतानाही मी ती नुकतीच तिसऱ्यांदा वाचली. (ते नाव येथे सांगणार नाही.)

डेव्हनच्या किनाऱ्यालगतच्या या बेटावर आठ पाहुणे आणि एक नोकर जोडपे जमते. यजमान मात्र येतच नाही. रात्रीच्या जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजू लागते आणि चित्रगुप्ताने वही उघडावी तशी प्रत्येकाचे नाव घेऊन त्याचा गुन्हा तारखेसह सांगत जाते. लेखिकेचे खरे कसब या गुन्ह्यांच्या निवडीत आहे. येथे कोणी सुरा चालवलेला नाही. नोकर जोडप्याने मालकिणीला वेळेवर औषध दिले नाही, डॉक्टरने दारूच्या अंमलात शस्त्रक्रिया केली, सेनापतीने पत्नीच्या प्रियकराला हमखास मरणाच्या कामगिरीवर धाडले; यांतले काहीही न्यायालयात सिद्ध होण्यासारखे नाही, आणि म्हणूनच पुढे बेटावर एकेक जण मारला जातो त्याला निव्वळ खून म्हणताना वाचकाची जीभ अडखळते.

अपराधाची जाणीव प्रत्येकाला वेगळ्या रीतीने ग्रासते, हा या पुस्तकाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. दोन मुलांना मोटारीखाली चिरडणाऱ्या मार्स्टनला खंत वाटते ती आपला परवाना वर्षभर रद्द झाल्याची. धर्मग्रंथ हातात घेऊन बसणाऱ्या एमिली ब्रेंटला आपले काही चुकले हेच मान्य नाही, पण डुलकीच्या भरात तिचाच हात रोजनिशीत, तिने घराबाहेर काढलेल्या आणि पुढे जीव दिलेल्या मोलकरणीचे नाव लिहून जातो. म्हातारा सेनापती मॅकार्थर समुद्राकडे तोंड करून शेवटाची वाट पाहत बसतो. त्याला भीती नव्हे, सुटका वाटते. आणि व्हेरा, जिने आपल्या देखरेखीखालच्या मुलाला दूरच्या खडकापर्यंत पोहत जाऊ दिले, तिच्यासाठी समुद्राचा वास आणि गळ्याला लागलेले ओले शेवाळ पुरेसे ठरते. ज्यांचा दोष सौम्य ते आधी मरून सुटतात, ज्यांचा भारी ते शेवटपर्यंत झुरतात, असा हिशेब मागाहून कळतो. पण ही तराजू कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न पुस्तक पुरेशा जोराने विचारत नाही.

माझी तक्रार दुसरीकडेही आहे. बाकीच्या मृतांना नावे आहेत. लोम्बार्डने आफ्रिकेत उपाशी सोडून दिलेल्या २१ माणसांना मात्र केवळ संख्या आहे. सगळा उलगडा एका लेखी कबुलीजबाबात उरकणे हेही मला थोडे यांत्रिक वाटते.

स्वतः ख्रिस्ती यांनी १९४३ साली रंगभूमीसाठी शेवट बदलला: दोघे निर्दोष ठरून वाचतात. १९४५ साली रेने क्लेअर यांनी केलेल्या चित्रपटातही तोच सौम्य शेवट आहे, त्यामुळे तो पाहिलेल्यांनी कथा माहीत आहे असे समजून पुस्तक बाजूला ठेवू नये. कादंबरीत व्हेरा जिना चढून आपल्या खोलीत जाते तेव्हा तेथे छताच्या हुकाला फास आधीच टांगलेला असतो आणि त्याखाली खुर्ची मांडलेली असते.