‘ट्रीटेड’ लाकडाची शेड घेताना फसवणूक कुठे कुठे होते

रो-हाउसच्या मागच्या अंगणातली शेड. कुदळ, खुरपी, पाण्याचा पाइप, खताच्या गोणी ठेवायला घेतलेली, सहा बाय चारची, दोन पावसाळे झालेली. बाहेरून अजून चकचकीत, पण आतली खालची फळी अंगठ्याने दाबली की भिजल्या बिस्किटासारखी दबते. भिंतीवरचा कप्पा काढला की मागच्या फळीवर रंध्यातून निम्मा वाचलेला एक काळा शिक्का दिसतो: गव्हाची ओंबी, शेजारी ‘आयएन’, एक नंबर आणि शेवटी ‘एचटी’. विकताना हाच शिक्का दाखवलेला असतो. ‘बघा, ट्रीटेड माल आहे, शिक्काच आहे वर.’

शिक्का बनावट नसतो. तो निर्यातीच्या पेट्या आणि पॅलेट यांच्यासाठीचा आहे. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवला, की त्यावर ‘एचटी’ मारतात. एका देशातली लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. आत होते ते किडे मेले, पण उद्या येणाऱ्या वाळवीला अडवणारं काही लाकडात उरत नाही. दूध एकदा उकळलं म्हणून ते आठवडाभर नासणार नाही असं थोडंच आहे? ‘एमबी’ लिहिलं असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली असते, तीही उडून जाते. ‘डीई’ किंवा ‘सीएन’ दिसलं, तर जर्मनीहून किंवा चीनहून आलेल्या कुठल्याशा यंत्राची पेटी तुमच्या अंगणात उभी आहे असं समजा. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात असं पेट्यांचं पाइन टेम्पोच्या टेम्पो विकत मिळतं. घरातलं टेबल, पुस्तकांचं कपाट, मुलांचा पलंग यांना ते झकास. मातीलगत, पागोळ्यांखाली उभं करायचं लाकूड ते नव्हे.

बाजारात ‘ट्रीटेड’ हा शब्द निदान चार वेगवेगळ्या गोष्टींना लावतात. पहिली ही तापवण्याची. दुसरी भट्टीत वाळवण्याची; ती चांगलीच, कारण ओलं लाकूड नंतर पिळवटतं, पण तिचाही वाळवीशी संबंध नाही. तिसरी म्हणजे औषधाच्या हौदात बुडवून काढणं किंवा ब्रश मारणं. यात औषध जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत जातं आणि पहिली भेग पडली की कोरं लाकूड उघडं होतं. चौथी प्रेशर ट्रीटमेंट. बंद टाकीत लाकूड ठेवून आधी हवा ओढून घेतात आणि मग तांब्याचा क्षार असलेलं द्रावण दाबाने आत घुसवतात. उघड्यावरच्या शेडसाठी पाइन घ्यायचं तर हे चौथंच हवं. भाव चौथीचा लावून माल तिसरीचा, कधी पहिलीचा देणं, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे.

ओळखायचं कसं? प्रेशर केलेल्या पाइनला हिरवट झाक असते. हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हिरवा रंग टाकून बुडवलेला मालही मिळतो. वरचा रंग बघू नका, फळी कापायला सांगा. आणि कापायची ती टोकाला नाही. टोकाकडून द्रावण नळीसारखं आत शिरतं, त्यामुळे टोकाचे काही इंच नुसत्या बुडवलेल्या फळीतही छान हिरवे दिसतात. विक्रेता हौसेने कापून दाखवतो तो तुकडा नेमका हाच असतो. फळीच्या मधोमध कट मारायला लावा. कडेला कागदाएवढी हिरवी रेघ आणि आत सगळं दुधी दिसलं, तर ती बुडवलेली आहे. हिरवेपणा कडेकडेने खोलवर गेलेला आणि मधला लालसर गाभा तेवढा कोरा असेल तर घाबरायचं कारण नाही. बाहेरचं पांढरं लाकूडच औषध पितं, गाभा पीत नाही. पूर्ण फळीभर एकसारखा हिरवा दिसावा असा आग्रह धरणारं गिऱ्हाईक निष्कारण चांगला मालही परत पाठवतं.

कापायला नकार मिळाला तर तिथेच थांबा. एका फळीचं नुकसान तुम्ही भरून देतो म्हणालात तरी जो कापत नाही, त्याला आत काय आहे ते माहीत असतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जागेवर येऊन फळ्या कापून शेड जोडली, की प्रत्येक कापलेलं टोक पुन्हा कोरं होतं. त्या टोकांना तांब्याचं औषध ब्रशने दोन-तीन हात द्यावं लागतं. उभ्या फळ्यांची खालची टोकं हीच पाणी पिणारी तोंडं, त्यामुळे शेड तिथूनच जाते. कारागिराकडे औषधाचा डबाच नसेल तर काम सुरू होण्याआधी आणायला लावा. आणि उरलेले हिरवे तुकडे बंबात, चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, भाजीच्या वाफ्यालाही लावू नका. यातल्या बऱ्याच मालात तांब्याबरोबर आर्सेनिक असतं, ते धुरात आणि राखेत येतं.

आता मापं. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं ‘दोन बाय तीनचा सांगाडा’. प्रत्यक्ष टेप लावला की भरतं दीड बाय अडीच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘रंध्यात जातं साहेब.’ रंध्यात सूत-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाणं रास्त आहे, अर्धा इंच नाही. हिशेब करून बघा. घनफूट काढताना इंचातली रुंदी, इंचातली जाडी आणि फुटातली लांबी यांचा गुणाकार करून १४४ ने भागतात. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, दीड गुणिले अडीच म्हणजे पावणेचार. १०० रुपयांत साडेबासष्ट रुपयांचं लाकूड मिळालं. पैशापेक्षा मजबुतीचं नुकसान मोठं आहे, कारण जाडी कमी झाली की वाकणं तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दीड-अडीचच्या तुकड्याची ताठरता दोन-तीनच्या निम्मीही राहत नाही. दोन वर्षांनी दार खाली टेकतं ते यामुळे, आणि दोष बिजागरीला दिला जातो. फळ्यांचंही तेच. सहा सुताची म्हणून चार सुताची बसवतात आणि कडेला पट्टी मारून जाडी झाकतात. पट्टी मारायच्या आधी टेप लावा.

शेडचं स्वतःचं माप हा वेगळाच खेळ. सहा बाय चार म्हणजे काय सहा बाय चार? पुष्कळदा ते छपराचं असतं. दोन्ही बाजूंची दोन-दोन इंचांची पाखी आणि दोन-दोन इंचांच्या भिंती वजा केल्या, की आत उरतात पाच फूट चार इंच आणि तीन फूट चार इंच. दर लावला २४ चौरस फुटांवर, वापरायला मिळाले १८ सुद्धा नाहीत. सहा फुटी शिडीचा घोडा भिंतीलगत आडवा राहत नाही आणि मग तो बाहेर पावसात उभा. आतलं माप, दाराची मोकळी रुंदी आणि कमी उंचीच्या बाजूची आतली उंची हे तीनही आकडे लिहून घ्या. एकचाकी ढकलगाडी ठेवायची असेल तर दार अडीच फुटांखाली चालत नाही.

जमिनीच्या प्लायवर ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं, तर ती प्रत नव्हे, तो नुसता शब्द आहे. उघड्यावरच्या कामाला मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० ची. तिच्या मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. आयएसआय खुणेसोबत मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनी आणि माल जुळतो का ते दोन मिनिटांत कळतं. शिक्क्यावर रंग मारून आणलेली प्लाय घेऊ नका. कापून उरलेला हातभर तुकडा मागून घ्या आणि पातेल्यात चार-पाच तास उकळा. हलक्या डिंकाची असेल तर तेवढ्यातच पापुद्रे सुटतात. टिकली म्हणजे मरीनच, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. जाडी १८ मिमी आणि खालचे आडवे वासे सोळा-सोळा इंचांवर असले, तर ५० किलोच्या गोण्या रचल्या तरी जमीन झोका खात नाही. १२ मिमी प्लाय दोन-दोन फुटांवर टेकवणं हा सर्रास चालणारा उद्योग आहे.

सागवानाबद्दल थोडक्यात: सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण त्याच झाडाचं पांढरं लाकूड वाळवी आवडीने खाते. बिलावर ‘सागवान’ आणि अंगणात पॉलिश मारलेलं पांढरं, असा प्रकार नेहमीचा. आतल्या बाजूला ब्लेडने खरवडा. ताज्या सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो आणि रंग आतपर्यंत सोनेरी-तपकिरी असतो. खरवडल्यावर फिकट लाकूड निघालं तर तो रंग डब्यातला. पॉलिश न केलेलं लाकूड आधी बघायला मिळणार नसेल तर सागाचा भाव देऊ नये.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली छायाचित्रं बहुधा इंग्लंडातल्या शेडची असतात. बुटकं छप्पर, दोन इंचांची पाखी, सरळ गवतावर टेकलेला तळ. दिसायला गोड. पण लंडनला वर्षभरात पडतो साधारण ६०० मिमी पाऊस, आणि मुंबईत चार महिन्यांतच २००० च्या वर. तीच शेड पनवेलला किंवा रत्नागिरीला आणली की वाऱ्याची झड थेट फळ्यांवर येते. आपल्याकडे पाखी फूटभर बाहेर हवीत, उतार फुटाला निदान तीन इंच. पत्र्याचे स्क्रू नळीच्या उंचवट्यावर आणि रबरी वॉशर लावून मारायचे. खोलगट भागात मारले की तिथूनच गळतं. एका फळीच्या कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते; फळ्या आडव्या असतील तर जीभ वर आणि खाच खाली. उलट बसवली तर प्रत्येक खाच पाण्याची पन्हळ होते. हे तपासायला शेडभोवती एक फेरी पुरे, पण पैसे चुकते करण्याआधी ती कोणी मारत नाही. फळ्या पावसाळ्यात ओल्या जोडलेल्या असतील तर सहा इंची फळी उन्हाळ्यापर्यंत चार-पाच मिलिमीटर आकसते आणि जीभ खाचेतून सुटून बाहेरचा उजेड आत येतो.

तळ जमिनीपासून नऊ ते बारा इंच वर हवा. सहा बाय चारला आठ सिमेंटचे ब्लॉक लागतात. त्यावर डांबरी पट्टी आणि मग तळाचे आडवे. खालून वारा खेळला पाहिजे आणि वाकून बघता आलं पाहिजे, कारण वाळवी मातीच्या नळ्या करत ब्लॉकवरूनच चढते. ती नळी वेळेवर दिसणं हा निम्मा इलाज आहे. ‘फाउंडेशन लागत नाही, कुठेही ठेवा’ असं सांगणाऱ्याला ब्लॉक आणि लेव्हलचा खर्च वाचवायचा असतो. तसंच ‘परवानगी लागत नाही’ हे विक्रेत्याने ठरवायची गोष्ट नाही. रो-हाउसच्या बाजूच्या मोकळ्या जागेला मार्जिनचे नियम असतात. सोसायटीला आणि पालिकेला आधी विचारा.

खिळे साध्या लोखंडाचे असले तर तांब्याच्या औषधाने लवकर गंजतात आणि काळे ओघळ येतात. स्टेनलेस ३०४ चे स्क्रू, समुद्राजवळ ३१६.

व्यवहारात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे ७०-८० टक्के ॲडव्हान्स. चौथा हिस्सा ऑर्डरला, निम्मे लाकूड दारात उतरल्यावर कापून-मोजून पाहून, आणि उरलेले छपरावर अर्धा तास पाइप सोडून झाल्यावर, असं ठरवा. बिलावर नुसतं ‘वुडन शेड १ नग’ नको. लाकडाची जात, ट्रीटमेंटचं नाव आणि ती करणाऱ्या प्लँटचं प्रमाणपत्र, रंधल्यानंतरची मापं, प्लायचं मानक, आतली मापं, एवढं लिहून घ्या. तोंडी ‘दहा वर्षं गॅरंटी’ला किंमत नाही, छापील गॅरंटीतही वाळवी आणि पाणी बारीक अक्षरात वगळलेलं असतं, म्हणजे शेडला मारणाऱ्या दोन्ही गोष्टी.

फसलात तर दुरुस्ती करण्याआधी मधोमध कापलेल्या फळीचे आणि शिक्क्याचे फोटो टेप लावून काढा, तुकडा जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगात ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जातात आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात माणूस पाठवतो’ या फोनवर दोन पावसाळे घालवू नका.

शेड आधीच उभी असेल आणि खालचा भाग गेला असेल, तर सगळी पाडायची गरज क्वचितच पडते. कुजतो तो खालचा वीतभर. छप्पर आणि वरचा सांगाडा बहुतेक वेळा शाबूत असतो. मे महिन्यात शेड जॅकवर उचलून फळ्या खालून नऊ इंच सरळ रेषेत कापायच्या, कापलेल्या टोकांना औषध पाजायचं, तळाचे आडवे प्रेशर केलेले नवीन घालायचे आणि ती नऊ इंचांची उंची ब्लॉकने भरून काढायची. दारही तेवढंच कापावं लागतं. त्याच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी मारताना दोन्ही टोकांना पाणी निघायला फट ठेवा.