मेटलंड आधी करू की मलिगन?

खानापूरच्या भाच्यानं विचारलंय, फिजिओची इंटर्नशिप संपली, पैसे एकाच कोर्सपुरते आहेत. दोन्ही हातानं सांधे मोकळे करायच्या पद्धती, मी दोन्ही शिकलोय म्हणून सांगतो.

मेटलंडमध्ये सांधा आपण लयीत हलवायचा, त्याला वेळ लागतो बघ. ग्रेड १ ते ४ (अगदी हलक्या हालचालीपासून सांध्याच्या टोकापर्यंत) मधला फरक बोटांना कळायलाच महिने जातात आणि अंगठे भरून येतात, पण सुजलेला, हात लावू न देणारा सांधा ग्रेड १-२ नंच शांत होतो.

मलिगन लवकर येतं. ग्लाइड (सांध्यातलं हाड एका दिशेला सरकवणं) धरून ठेवायचा, हालचाल पेशंटनं करायची, दुखलं तर दिशा बदल, तरी दुखलं तर सोड. परवा कबड्डीचा एक पोरगा आला, घोटा मुरगळून दोन महिने झालेले, उकिडवं बसता येईना. पाय स्टुलावर, बेल्ट नडगीमागून माझ्या कमरेला, टॅलस (घोट्यातलं हाड) हातानं दाबून धरलं, दहादा गुडघा पुढं न्यायला लावला, टाच न उचलता दोन बोटं जास्त गेला! ताज्या दुखापतीत मात्र चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे, मग हात.

तालमीत, मैदानावर काम करणार असशील तर मलिगन घे. क्लिनिक टाकून मान, कंबर, ऑपरेशननंतरचे आखडलेले गुडघे बघणार असशील तर मेटलंडच.